भिंत नाही

सालिंगला नोव्हेंबरात
साडेसातलाही उजाडत नाही.
तोर्किल्ड तिसऱ्या गाळ्यातला दिवा लावतो:
सत्तर किलोचं डुक्कर
कुत्र्यासारखं बसलेलं,
जणू उठायचा विचार
तेवढा बाकी आहे.

ताप नाही. सूजही हाताला लागेल एवढीच.
भूक आहे,
पण खाण्यापर्यंतची चार पावलं
ते आधी नजरेनं चालून बघतं.

इंगरलिस मागच्या सांध्यात सुई घालते.
सिरिंजमध्ये पिवळसर, जरा तांबूस पाणी.
"ह्या जंतूला भिंत नसते," ती म्हणते,
"पेनिसिलिन भिंती पाडतं.
इथे पाडायचं काय?"

किती आठवडे तो घशात होता,
टॉन्सिलच्या खाचेत, बिनभाड्याचा,
कुणाला न खुपता.
मग रक्तातून खाली उतरला,
हाडावर हाड घासू नये म्हणून
देहानं चमचाभर वंगण
राखून ठेवलेलं असतं, तिथे.

दुसरं औषध. पिण्याच्या पाण्यातून.
म्हणजे कत्तलखान्याची गाडी पुढच्या महिन्यात.
तोर्किल्ड हिशेब करतो
बुटाच्या टोकानं, भुशात,
आणि बुटानंच पुसतो.

मग वाकून
डुकराच्या मांड्यांखाली हात घालतो.
"कॉम सो," म्हणतो, चल.
काहीतरी कट्‌कन वाजतं.
त्याचा गुडघा की त्याचा,
इंगरलिसला कळत नाही.

गाडीत बसून ती नळीवर चिठ्ठी चिकटवते,
गाळ्याच्या नंबराऐवजी
तोर्किल्डचं नाव लिहिते,
खोडते.