ढिला पट्टा

साखर पेठेत मकबूल मास्तरांच्या खोलीत
ढोलावर बँडची लाल बंडी वाळत असते.
लग्नसराई संपली की ते मला जॅझ शिकवतात.

"तू फुंकतेस सी, लोकांना ऐकू येतो बी फ्लॅट.
सा म्हणालीस, समोरच्यानं कोमल नी ऐकला.
रागवायचं नाही, वाद्यच तसं आहे."
वहीत उतरवून घेते.
आई तेलुगूत ओरडते, मी मराठीत ऐकते;
हा हिशेब मला नवा नाही.

मागची चावी दाबली की वरचा सा यावा,
तर येतो त्याच्याही पुढचा पंचम.
आठ मागितले, बारा मिळाले.
असलं दुकान अख्ख्या सोलापुरात नाही.

त्या सांध्यावर नऊ बोटं एकदम पडावी लागतात.
माझी आठ पडतात.
करंगळी अजून चादरीच्या दशा वळतेय.
क्लॅरिनेट बदकासारखं किंचाळतं,
खालचा पानवाला "वा!" म्हणतो.

स्विंग तेवढा शिकवावा लागला नाही.
मास्तर दोन सारखे स्वर लिहितात, नि म्हणतात,
"सारखे वाजवायचे नाहीत.
पहिला रेंगाळू दे, दुसरा लंगडू दे."

आमच्या दोन नंबरच्या मागाचा पट्टा ढिला आहे.
खटाऽक-खट, खटाऽक-खट.
अण्णा त्याला रोज शिव्या घालतात.
काल रीड ओठांत भिजवत
मी त्याच्यापुढे उभी राहिले,
तो "एक" कुठे म्हणतो ते शोधत.

पट्टा आवळायला मिस्त्री आला होता.
त्याला म्हटलं, पुढच्या आठवड्यात ये.