शून्यावर

थंडी आत येत नसते, मी वर्गात सांगते.
थंडी अशी काही वस्तूच नाही.
असते ती ऊब, आणि तिला एका जागी करमत नाही;
जिथे कमी, तिकडे ती निघाली.
मुलं खिडकीकडे बघतात. बाहेर उणे एकावन्न.
"मग आई का ओरडते, दार लाव, थंडी येते म्हणून?"
सगळ्यांच्याच आया ओरडतात. माझीही ओरडायची,
जन्मभर, त्याच उंबऱ्यावरून, तेच चुकीचं वाक्य.

लेनाकाठच्या आमच्या गावात नळ नाहीत.
नोव्हेंबरात आम्ही नदी कापतो,
निळसर ठोकळे कुंपणाशी रचतो
आणि मेपर्यंत नदी चुलीवर ठेवून पितो.

फाटकाच्या कडीला उघड्या हाताने शिवू नये.
शेजारच्या फळीला चालतं.
दोघी सारख्याच गार;
लोखंडाला फक्त घाई असते,
तळव्यातली ऊब ते ओरबाडून घेतं, लाकूड मागून घेतं.
हे मला पुस्तकाने नाही,
कडीला चिकटून राहिलेल्या माझ्याच कातडीने शिकवलं.

या हिवाळ्यात केस्किल परत आला,
माझा धाकटा भाऊ,
अकरा वर्षांनी, खाणीतून, एका पिशवीनिशी.
चुलीजवळच्या बाकावर बसला आणि बसूनच राहिला.
घोड्याच्या मांसाचा रस्सा दिला. प्याला.
वडिलांचे नमद्याचे बूट दिले. घातले.
सायीचा चहा, लार्चचे ओंडके,
आईचं सशाच्या कातड्यांचं पांघरूण.
बोलला नाही.
शेजारची क्युन्नेइ म्हणाली, दगडाला शेक देतेयस.

दगड नाही गं. दगड तापलेला कळतो तरी.

सातवीच्या वर्गात पातेल्यात बर्फ ठेवला,
अंगणातून आणलेला, कुटलेला,
खाली दिवा, आत थर्मामीटर.
(आमच्या नळीत पारा नसतो, तो इथे गोठतो. लाल स्पिरिट.)
लाल रेघ उणे तीसवरून भराभर चढली
आणि शून्यावर अडली.
दहा मिनिटं झाली. शून्य.
तास संपत आला. शून्य.
पहिल्या बाकावरची तुयारा वैतागली,
"बाई, दिवा तर जळतोय. मग ऊब जाते कुठे?"

मुठी उघडायला, मी म्हटलं.
एकेका कणाने शेजाऱ्याला गच्च धरलेलं असतं,
एकेकाची पकड सैल करावी लागते.
ते काम नळीत दिसत नाही.
बर्फाचं नुसतं पाणी व्हायला जेवढी ऊब लागते
तेवढ्यात तेच पाणी
शून्यापासून ऐंशीपर्यंत तापलं असतं.
ऐंशी, मी फळ्यावर लिहिलं,
खाली रेघ मारली,
दुसरी मारताना खडू मोडला.
मग घंटा झाली.

त्या संध्याकाळी ठोकळा दोन्ही हातांत, म्हणून
पायाने दार ढकललं आणि तशीच अडकले,
अर्धी आत, अर्धी बाहेर.
पांढरं धुकं जमिनीवरून लोळत घरात शिरलं,
बाकापर्यंत गेलं,
नमद्याच्या बुटांपर्यंत.

केस्किलने मान वळवली नाही.
आवाज गंजलेला, बिजागरीसारखा:
"दार लाव. थंडी येते."

मी ठोकळा पिंपात सोडला.
बरीच वाक्यं ओठांवर होती, वीस वर्षं शिकवलेली.

"येते रे," म्हटलं,
आणि दार लावलं.