पोटखराबा

सातबाऱ्यावर या माळासाठी एकच शब्द आहे.
मी तो रोज लिहिते, भूमापनाच्या कचेरीत,
दुसऱ्या हातात चहा धरून:
पोटखराबा. आकार निरंक.
कुणाचं पोट, कुणी खराब केलं,
हे विचारायला रकाना नाही.

पुण्याहून निघाले तेव्हा अंधार होता,
भिगवणच्या अलीकडे उजाडलं.
रोव्हरची काठी, तिपाई, बॅटरीचे दोन डबे,
आणि कंपनीचा पोरगा, कोरे बूट घातलेला,
जो माळाकडे बघून म्हणाला,
इथे तर काहीच नाहीये, मॅडम. बरंय.

मार्च. कुसळं सलवारीत शिरली होती.
खुणेच्या दगडावर धुळाबा कोळपे बसलेला.
मोजा, म्हणाला, पर पायाखाली बघून.
बघितलं.
काठीच्या टोकापासून वीतभर
धाविकीची दोन अंडी,
खड्यांच्या रंगाची, खड्यांतच,
घरटं म्हणावं असं काहीच नाही.
स्क्रीनवर सतरा उपग्रह दिसत होते,
अचूकता दोन सेंटिमीटर.
अंडी त्यात आली नाहीत.

दुपारी देवळात सभा.
शालन गलांडे उभी राहिली, पायाला वाळका चिखल.
"माझ्याकडं लाईट येती रात्री दीडला.
बारा वर्षं मी बॅटरी तोंडात धरून दारं धरते,
दोन्ही हात फावड्याला.
गेल्या साली घोणस. दीर वाचला, पाय गेला.
दिवसाची लाईट कुणाच्या माळावर उगवती
ते मला नका सांगू.
उगवू द्या."

कुणी बोललं नाही.
धुळाबानं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं.
"पोरी, मला लाईट नगं असं न्हाई,
माझाबी मोबाईल मरतो.
पर दोनशे मेंढरांस्नी कुंपण वाचता येत न्हाई.
आन लांडगा..."
इथे तो थांबला, जसं घरातलं कुणी आजारी असावं.
"दर साली दोन-तीन नेतो. त्याचा वाटा.
तोबी गेला तर शिव्या कुणाला घालू?"

तीन तास. कुणी जिंकलं नाही.
ओढ्याकडचा उतार प्लेटांना,
वरचा मुरमाड माळ मोकळा,
मधून पन्नास फुटांची मेंढवाट,
जाळी जमिनीपासून हातभर वर.
पोरानं बूट सोडून हिशेब केला,
वीज पाचव्या हिश्शानं घटते, म्हणाला,
वरती विचारून सांगतो.
वरती म्हणजे कुठे, ते माळावरून दिसत नाही.
वर फक्त एक घार होती.

कचेरीत नकाशा चढवला.
मेंढवाट दोन्ही टोकांना उघडी,
म्हणून संगणक लाल झाला:
आकृती बंद नाही. त्रुटी दुरुस्त करा.
मी चार वेळा त्याला सांगितलं
की ती तशीच आहे.
शेवटी छापील कागदावर
पेन्सिलनं ओढली, आणि सही पेननं केली.

दीड वर्षानं वाट मंजूर झाली,
पन्नासची तीस होऊन.
तीसमधून मेंढरं जातात, धुळाबा म्हणाला,
पर एकमेकांना घासत.
धाविकीचं मी विचारलं नाही.
माझ्याच काठीनं तिथे
खांबाची जागा धरली होती.

परवा रात्री, दीडच्या सुमारास, शालनचा फोन.
"मॅडम, झोप लागंना.
लाईट दिवसाची झाली, रान भिजलं,
आन डोळं मात्र दीडलाच उघडत्यात.
अंगणात बसलीय रिकामी.
बॅटरी न्हाई, कुणी न्हाई. समदा अंधार त्याचाच.
ऐका."
तिनं फोन माळाकडे धरला असावा.

कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर,
फ्रीजची घरघर चालू होती. तो बंद केला.
बारीक, लांब, वर चढत गेलेलं काहीतरी.
लांडगा होता की रेंजची खरखर,
दोन सेंटिमीटरपर्यंत सांगता येणार नाही.

ऐकलं का, तिनं विचारलं.
हो, म्हणाले.