अकरा दिवस

चाळीस मीटर खाली एका खारीचं बीळ होतं.
मी ड्रिलवाला. माझं काम भोक पाडायचं,
गोठलेल्या मातीचा दंडगोल हातमोज्यांत झेलायचा,
पिशवीवर नंबर टाकायचा
आणि डास मारायचे.
कोलिमाच्या काठावर जुलैत
मातीपेक्षा डास जास्त.

बिळात खारीनं साठवलेलं बी होतं,
थोडं गवत,
आणि एका दाण्याच्या आडोशाला ती.
डोळ्याला न दिसणारी अळी,
वेटोळं करून,
जीव मुठीत धरून बसलेली.
तिला तर मूठही नव्हती.

न्यूर्गुयाना म्हणाली, सेहेचाळीस हजार वर्षं.
मी म्हणालो, बरं.
एवढ्या आकड्याला माणूस काय म्हणणार?
माझ्या बापाला त्याच्या आजोबाच्या पलीकडचं
एकही नाव सांगता येत नव्हतं.

मग तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन. एकच शब्द:
हलली.

मी दुर्बिणीला डोळा लावला तेव्हा
ती बशीतल्या जंतूंवर ताव मारत होती,
पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी.
न्यूर्गुयाना सांगत होती,
गोठण्याआधी या अळ्या अंगातल्या अंगात साखर करतात.
पाणी सोडून देतात, साखर राखतात.
त्या साखरेला धरून पेशी तगते.
भूक नाही. श्वास नाही.
मरण म्हणावं तर तेही नाही.
आमच्या भाषेत याला शब्द नाही.
तिच्या पुस्तकात आहे,
पण तो म्हणताना तीही अडखळते.

नर नव्हता. बशीत नाही, तिच्या जातीतच नाही.
तिनं आपली आपणच अंडी घातली
आणि अकराव्या दिवशी मेली.
साधं मरण, कुठल्याही अळीचं.

मी चिडलोच.
एवढी वाट पाहायची, आणि अकरा दिवस?
न्यूर्गुयाना काच पुसत म्हणाली,
वाट कुणी पाहिली, प्रोकोपी?
तिचा जरा डोळा लागला, उघडला.
वाट आपण मोजतो.

घरी आलो तर आई तळघराच्या तोंडाशी, बादली घेऊन.
हे तळघर बापानं कुऱ्हाडीनं खोदलं होतं.
बर्फाच्या भिंती, उन्हाळ्यातही दात वाजायचे,
गेल्या शिकारीचं मांस पुढच्या शिकारीपर्यंत टिकायचं.
यंदा घोट्याएवढं पाणी.
रेनडिअरची तंगडी उचलली आणि नाक दाबलं.

मी पाणी उपसता उपसता अळीची गोष्ट सांगितली.
आई मध्येच म्हणाली, खायला काय दिलंत तिला?
जंतू.
पोट भरलं?
भरलं असावं. पोरं झाली.
मग ठीक, म्हणाली,
आणि चहात तिसरा चमचा साखर घातली.
दवाखान्यातली बाई एकाच्या वर नको म्हणते.

बऱ्याच वेळानं विचारलं तिनं,
उरलेल्या असतील ना रे खाली, तिच्यासारख्या?
असतील.
मग त्यांना निजू द्या की.

मी बादली उलटी केली.
पाणी अंगणातून उताराला लागलं, नदीकडे.
नदीच्या त्या वळणावर
आमचं भोक अजून उघडंच होतं.
त्याच्यावर पत्रा टाकायचा राहिलाय,
हे मला तेव्हा आठवलं.