वरची बाजू

झूलॉजीत मी तेहतीस वर्षं बरण्या पुसल्या.
फॉर्मेलिन बदलायचं, झाकणाला मेण लावायचं,
चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, कारण शाई उडते:
मऊ पाठीचं कासव, गर्भ, विश्वामित्री,
भीमनाथ पुलाखालून.

ती अंडी मीच उकरून आणलेली.
घारपुरे बाई म्हणाल्या होत्या, मोहिते, पाचच आणा.
मी सगळी आणली.
उरलेल्यांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही,
आणि मी कुठल्या चिठ्ठीवर लिहिलं नाही.

आता पेन्शनीत पुन्हा तोच काठ.
पूर नको म्हणून नदी रुंद करताहेत.
नरसू डामोरचं यंत्र आठला सुरू होतं,
त्याच्या आत आम्ही पोचायचं:
मी, झंखना, तिचे दोन विद्यार्थी, वनखात्याचा कागद,
आणि पलीकडच्या गाळावर ओंडक्यासारखी एक मगर.
तिला कुठल्याच कागदाची घाई नाही.

झंखना पोटावर झोपून हाताने माती काढते.
खुरपं चालत नाही.
"काका, मळ्यां!"
एकवीस.
पिंगपाँगच्या चेंडूएवढी, तशीच गोल, तशीच पांढरी.
चेंडूला कुठे असते वरची बाजू?
ह्यांना असते.
जसं मिळालं तसंच उचलायचं,
उलटं झालं तर आतला जीव स्वतःच्याच शिदोरीखाली दबून मरतो.
म्हणून आधी प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलचा ठिपका.
ते काम माझ्याकडे.
शिसं किती हलकं टेकवायचं,
हे बरण्यांनी शिकवलं नव्हतं.
काचेला दुखत नाही.

भाद्रपदाच्या आसपास घातलेली ही अंडी.
थंडी आली की आतला गर्भ वाढायचा थांबतो.
मेला नाही, झोपला नाही,
नुसता थांबला.
नऊ-दहा महिने जातात मातीत.
झंखनाकडे ह्याला इंग्रजी शब्द आहे.
मी म्हणतो, मुक्काम.

नरसू यंत्र बंद करून खाली उतरतो,
विडी पेटवायची म्हणून लांब जातो, परत येतो.
आमच्याकडे हे खातात, म्हणतो. लाजत नाही.
मग विचारतो,
आज कुठून खणू?

आई सांगायची, कासवी पिल्लांना पाजत नाही,
पैलतीरावरून नुसत्या नजरेने वाढवते.
बाईंच्या हाताखाली आलो तेव्हा कळलं:
कासवी अंडी घालते, मागच्या पायांनी माती लोटते,
पोटाने थोपटते,
पाण्यात शिरते.
वळून बघत नाही. एकदाही नाही.
आईला हे मी कधी सांगितलं नाही.
ती पहाटे दांडिया बाजारात चार घरच्या पोळ्या लाटायला जायची,
दिवेलागणीला यायची,
तेव्हा तिच्याजवळ नजरच तेवढी शिल्लक असायची.

बादलीत वाळू, वाळूत अंडी, बादली माझ्या मांडीवर,
मी झंखनाच्या स्कूटरमागे.
काळा घोडा चौकात मागून हॉर्न.
ए काका, वरघोडो छे के?
आम्ही बैलगाडीच्या चालीने.

जाळीच्या आत नवा खड्डा,
जुन्याएवढाच खोल, वीतभर नि चार बोटं.
ठिपका वर. ठिपका वर. ठिपका वर.
एकविसाव्यावर ठिपका नव्हता.
मी विसरलो, की वाटेत वाळूने पुसला, देव जाणे.
उन्हाकडे धरून पाहिलं, काही दिसेना.
झंखना पाणी आणायला गेली होती.
अंदाजाने ठेवलं.
वर माती लोटली, तळव्याने थोपटली.
वहीत लिहिलं: एकवीस. एक, बाजू माहीत नाही. मोहिते.

रात्री जेवताना बायको म्हणाली,
अहो, टक लावून काय बघताय केव्हाचे?
ताटात वरण-भात होता.
निवत चाललेला.