वीतभर अंतर

तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेला लागून,
खांबाच्या अलीकडे बसायचं.
पंखा डोक्यावर नको. स्पीकर तोंडासमोर नको.
शेजारी खोकल्याचा माणूस नको,
पण ते कुणाच्या हातात असतं.

रेकॉर्डर मांडीवर, मफलरच्या घडीवर.
त्याच्याच डोक्यात बसवलेले दोन माइक, नाकपुड्यांएवढे,
एकमेकांवर फुली मारलेले:
उजवा डावीकडचं ऐकतो, डावा उजवीकडचं.
स्टँड लावला की आयोजक येतात, कुणाला विचारून?
बाईंना मी विचारलं होतं, एकदाच.
म्हणाल्या, विकू नका म्हणजे झालं.

खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं गेज धरले.
शतांश मिलिमीटर चुकला तर अख्खी पेटी परत.
तो हात इथे उपयोगी पडतो.
तानपुरे जुळत असतानाच पातळी लावायची,
उणे बारा, आणि विसरायची.
विलंबितात वाटतं, फारच कमी धरली.
बोट बटणापाशी जातं.
त्याला परत आणायचं.
पाऊण तासाने दस्तगीर मोमीन हात मोकळा सोडतो,
तांबडा दिवा नुसता डोळा मिचकावतो
आणि मघाचा कंजूषपणा फळाला येतो.

यंत्राला गाणं कळत नाही, अंतर कळतं.
जे जवळ, ते मोठं.
म्हणून शरयूबाई हळब्यांचा जो मारवा माझ्याकडे आहे
त्यात माझं पोट आहे, सव्वासातला गुरगुरलेलं,
पुढच्या रांगेतल्या बांगड्या आहेत,
नारायण पेठेच्या बोळात मागे मागे येणाऱ्या
टेम्पोची धून आहे,
आणि पलीकडच्या इमारतीतली कुकरची शिट्टी.
बाई पंधरा मिनिटं जो षड्ज टाळत होत्या
तो कुकरने लावला.

रेकॉर्ड करणाऱ्याने दाद द्यायची नसते.
लोक वा म्हणतात, च्च् करतात,
मांडीवर थाप मारतात. माझी मांडी कामात.
श्वास घ्यायचा तोही अर्धा, नाकाने.
आनंद मी पायाच्या अंगठ्यात ठेवतो,
मोज्याच्या आत,
तिथून तो माइकला ऐकू जात नाही.
दोनशे अकरा मैफली.
एकीतही मी नाही.

मग तो डिसेंबरातला रविवार,
एरंडवण्यातल्या शाळेचं सभागृह, सकाळची तोडी, साठेक माणसं.
बाईंना सर्दी. वरचा षड्ज लागेना.
दोनदा गेल्या, दोनदा परतल्या.
तिसऱ्यांदा गेल्याच नाहीत.
निषादावर थांबल्या,
जसं उघड्या दारात कुणी चप्पल न काढता थांबतं,
आणि तिथूनच, सावकाश, उतरल्या.

अरे, मी म्हणालो.

वा नाही, क्या बात नाही. अरे.
बसस्टॉपवर अचानक शाळेतला मित्र दिसावा तसं.

पट्टी टोकाला भिडली. तांबडा दिवा हलेना.
माझं तोंड माइकपासून वीतभर,
बाई तीस फुटांवर.

घरी हेडफोन लावून पाहिलं.
माझा अरे गाण्याहून मोठा, वर फाटलेला.
संगणकावर कापला
तर त्याच्याखालचा निषादही गेला,
राहिला नुसता खड्डा.
पुन्हा होता तसा जोडला,
पेनड्राइव्हला चिठ्ठी लावली, क्षमस्व, ढमढेरे,
आणि नेहमीसारखा बाईंकडे पोचवला.

आठ दिवसांनी फोन.
"ते अरे तुमचं ना?"
हो, म्हणालो. चुकून गेलं.
पलीकडे नाक ओढल्याचा आवाज, सर्दी अजून होती.
"मला वाटलेलं, गेली सकाळ वाया.
तिथे बसून काही कळत नाही हो."
मग जरा वेळ कुणीच बोललं नाही.
"पुढच्या वेळी लांब बसा," म्हणाल्या,
आणि ठेवला.

जागा मी बदललेली नाही.
तिसरी रांग, खांबाच्या अलीकडे.
फक्त पातळी हल्ली आणखी एक घर
खाली ठेवतो.
न जाणो.