सेटल्ड

कळंबोलीच्या स्टील मार्केटात, वजनकाट्याच्या वरच्या मजल्यावर
माझं टेबल. खिडकी उघडली की
कॉइलवरची काळी धूळ फायलींवर येऊन बसते,
म्हणून मी ती उघडत नाही.

रंगनाथ खरमाटे मंगळवारी आला.
चपला दाराशी काढल्या. मी म्हटलं, राहू द्या,
तरी काढल्याच.
लायसन हेवी, धोकादायक मालाचा शिक्का चालू,
डोळे ठीक, पोलीस पडताळणी कोरी,
एकोणीस वर्षं स्टिअरिंगवर आणि एकही पंचनामा नाही.
खाली यार्डात चाळीस फुटी ट्रेलर मागे घ्यायला दिला:
या बाजूला काटा, त्या बाजूला चहाची हातगाडी,
मध्ये वीतभर जास्तीची जागा.
त्याने एकदाच आरशात पाहिलं.
चहावाल्याने उतू येणाऱ्या दुधावरची नजरही काढली नाही.

मग मी पॅन नंबर टाकला.
सहाशे चार.

ही अट गेल्या वर्षापासूनची.
शेठ म्हणतात, गाडीत सव्वा कोटीचं तांबं असतं,
कर्जबुडव्याचा हात आधी डिझेलच्या टाकीकडे जातो.
शेठचे अकरा ट्रेलर तीन बँकांचे आहेत.
हे मी मनात म्हणाले.

"पासिंग किती?" त्याने विचारलं.
सातशे.
"शाळेत पस्तीसला सोडायचे."

मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली.
लॉकडाऊनात गाडी धुळ्याच्या पुढे एका ढाब्यावर उभी राहिली,
आणि हप्ता थांबला तो एका मोबाइलचा.
अकरा हजारांचा. पोरीची शाळा त्यात भरायची.
मग फोन. दिवसाला तीस-चाळीस.
मग सासऱ्याला. मग गावात किराणावाल्याला.
शेवटी एक गोड आवाजाची बाई म्हणाली,
काका, सहा हजार भरा, सेटल करून टाकू.
त्याने भरले. पावती आहे.
पिशवीतून काढून दाखवली, लॅमिनेट केलेली.

"हे बघा की मॅडम, सेटल्ड लिहिलंय."

लिहिलंय. तेच तर लाल आहे.
कसं सांगायचं त्याला?
आपल्याकडे पोराला नोकरी लागली, बायको आली
की आई शेजारी पेढे देत सांगते, सेटल झाला एकदाचा.
इथे त्याच शब्दाचा अर्थ,
या माणसाला पुरते फेडता आले नाहीत,
सात वर्षं विसरू नका.

"राहिलेले आत्ता भरले तर?"
भरा. क्लोज्ड होईल. आकडा हलायला
महिना-दोन महिने जातात.
"गाडी मिळाली की भरतो."
मी काही बोलले नाही.
त्यालाही आपलं वाक्य उलटं लागलंय हे कळलं असावं.
आम्ही दोघं खाली काट्याकडे बघत बसलो.
एक ट्रक चढला, आकडे धावले,
थांबले, पुन्हा शून्यावर आले.

शेऱ्याच्या रकान्यात "नाकारले" लिहायचं असतं,
मी "प्रलंबित" लिहिलं.
माझ्या हातात तेवढंच.
त्याने चपला घातल्या, पावती परत पिशवीत,
आधार कार्डाच्या मागे, जपून.

परवा रात्री कामोठ्याच्या सिग्नलला दिसला.
माझी स्कूटर (हप्त्यावरची, चार तारखेला कापला जातो)
त्याच्या मागच्या चाकापाशी.
कुणाचा तरी जुना दहाचाकी, खडी वरपर्यंत,
ताडपत्री नाही, मागचे दिवे नाहीत.
हाक मारली तर खाली वाकून ओळखलं.
बदलीवर आहे म्हणाला, रोज नऊशे, रोख.
तिथे पॅन विचारत नाहीत.
ब्रेकचंही विचारत नाहीत, आणि हसला.

हिरवा पडला.
त्याला उजवीकडे वळायचं होतं.
इंडिकेटर नव्हता, म्हणून खिडकीतून हात काढला,
पूर्ण, खांद्यापासून सरळ,
लायसनच्या परीक्षेत काढतात तसा,
आणि वळण संपेपर्यंत आत घेतला नाही.